कोंडिबाच्या होडीला अमेरिकेचा दोर

कोंडिबा नावाडी माझ्यावर एकदाच रागावला, आणि तोही अमेरिकेमुळे. एरवी त्याचा राग बायको, वारा आणि हैबतराव या तिघांसाठी राखून ठेवलेला असे. माझ्या वाट्याला त्यातला काही येत नसे.

आमचे डॉक्टर तेव्हा मुळशीच्या धरणाजवळच्या दवाखान्यात होते. पन्नास सालानंतरची बरीच वर्षं आम्ही तिथे काढली. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. पण धरणावर माझ्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं वाचण्यापुरताच होता, आणि तीही डॉक्टर मला वाचू देत नसत.

कोंडिबाचा धंदा आजोबांपासूनचा. आजोबा मुळा नदीवर होडी चालवत. तेव्हा नदी एवढीशी होती. या काठावर पेटवलेली विडी त्या काठावर पोचेपर्यंत संपत नसे. मग धरण झालं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, माणसं डोंगराच्या उतारावर जाऊन राहिली आणि नदीचा समुद्र झाला. चावडीवरच्या शिपायाला एका सकाळी कलेक्टर करावं आणि पगार मात्र शिपायाचाच ठेवावा, तसं या घराण्याचं झालं. होडी तीच, वल्ही तीच, पाणी मात्र नजर पोचेल तिथपर्यंत.

कोंडिबा राहायचा पलीकडच्या काठावर, करंजवाडीत. ही वाडीसुद्धा खालून वर सरकलेली. घरं वर आली, देव वर आले, भांडणं तर न उचलताच वर आली. पण गावाने आपली शीव काही वर आणली नाही. ती राहिली पाण्यात. आता रीत अशी, की बाहेरगावचा नवरदेव आला की त्याची पूजा शिवेवर करायची आणि मगच त्याला गावात घ्यायचं. शीव पाण्यात, म्हणून पूजाही पाण्यात. शिवेवरच्या भैरोबाचं एवढंसं देऊळ बुडालेलं होतं. वैशाखात पाणी उतरलं की त्याचा कळस हातभर वर येई. नवरदेवाची होडी त्या कळसाशी उभी करायची. वाडीकडून नवरीचा मामा लहान डोणीतून ताट घेऊन यायचा, नवरदेवाला ओवाळायचा, अक्षता टाकायचा, आणि मग होडी आणणाऱ्याला फेटा बांधायचा. पहिल्या पंगतीत नवरदेवाच्या शेजारचा पाटही त्याचाच. याला नावेचा मान म्हणत.

कोंडिबाला या फेट्याचं फार होतं. वर्षभर त्याला पोरंसोरंसुद्धा "ए कोंड्या, थांब" म्हणून हाका मारत. त्याच्या होडीत शेळ्या चढत, तांदळाची पोती चढत, बाळंतिणी चढत, आणि उतरताना सगळेच त्याला होडी हलवल्याबद्दल बोलत. फक्त फेटा डोक्यावर असे तेवढा वेळ तो कोंडिबाराव असे. त्या दिवशी तो जेवायलाही सावकाश बसे, म्हणजे पंगत लवकर उठू नये.

हा मान काढून घ्यायला हैबतराव टपलेला होता. हैबतराव लढाईत इटलीला जाऊन आलेला. तिथे त्याने लष्कराचा ट्रक चालवला, आणि परत आल्यावर तसलाच एक जुना ट्रक लिलावात घेऊन तळ्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर फिरवायला लागला. रस्ता म्हणायचं आपलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधे हैबतरावाचा आत्मविश्वास. पण ट्रकला वारा अडवत नसे, ही खरी गोष्ट होती. होडीला अडवायचा. उन्हाळ्यात दुपार कलली की कोकणाकडून घाटावर वारा चढतो आणि तळ्यावरून सरळ धरणाकडे येतो. धरणाकडून करंजवाडीला जायचं तर तो तोंडावर. आदल्या वर्षी एका लग्नाला कोंडिबा वल्ही मारून मारून थकला, होडी जागची हलेना आणि मुहूर्त टळला. भटजींनी पंचांगातून लगेच दुसरा मुहूर्त काढून दिला. पंचांग त्या बाबतीत दयाळू असतं. पण भात गार झाला होता, आणि भात गार झाल्याचं गाव विसरत नाही.

म्हणून या वर्षी वाडीच्या जयसिंग पाटलाने, स्वतःच्याच मुलीच्या लग्नाआधी, निकाल देऊन टाकला. धक्क्यावर दोघांना उभं करून तो म्हणाला, "कोंडिबा, माज्या पोरीचं लगीन गोरज मुहूर्तावर हाय. घोटावड्याचा नवरदेव हाय. होडी येळंवर आली तर रीत ऱ्हाईल. न्हाई आली, तर फुडच्या लग्नापास्नं शीव रस्त्याव आनायची आन फेटा हैबतरावाला."

"शीव काय शेळी हाय का, हिकडनं तिकडं बांदायला?" कोंडिबा म्हणाला.

"शेळी पोचती येळंवर," हैबतराव म्हणाला. "माज्या ट्रकातनं येती."

"तुज्या ट्रकातनं शेळीच येती. मानूस आला तर हाडं बदलून उतरतो."

गोरज मुहूर्त म्हणजे गुरं घरी परततात ती वेळ, सूर्य डोंगराला टेकताना. म्हणजे वऱ्हाड निघणार ऐन वाऱ्याच्या वेळेला. कोंडिबा धक्क्यावर बसून वाऱ्याकडे असं बघू लागला, की जणू तो हैबतरावाचाच चुलता आहे.

लग्नाला थोडे दिवस असताना धरणाच्या मैदानात सिनेमाची गाडी आली. शेतीसुधारणेचा सिनेमा दाखवायचा होता, पण पेटीत रीळ भलतंच निघालं. अमेरिकेतले लोक पूर्वी प्रवास कसा करत, याचं. सगळं इंग्रजीत. चार गावांची माणसं घोंगड्या घेऊन येऊन बसलेली. तेव्हा डॉक्टरांनी मला पुढे केलं. म्हणाले, "हिला येतं. शाळेत हिनं हेच केलंय." शाळेत आम्ही अमेरिकेचा नकाशा काढून त्यात नद्या निळ्या केल्या होत्या, एवढंच. पण मी पडद्याशेजारी उभी राहिले आणि मोठ्याने मराठीत सांगू लागले.

"हे लोक न्यूयॉर्कहून ऑल्बनी नावाच्या गावापर्यंत आगबोटीने जात," मी सांगितलं. "तिथून पुढे पश्चिमेकडे."

"कशाला?" मागून एक म्हातारी.

"त्यांना तिकडे जमीन मिळणार होती."

"कुनाची?"

याचं उत्तर सिनेमात नव्हतं. मुळशीच्या माणसांना पडणारा पहिला प्रश्न सिनेमा करणाऱ्यांना सुचलाच नव्हता. मी म्हटलं, "तिथे आधी राहत होते त्यांची."

"मंग त्येंची शीव कुटं गेली?" म्हातारीने विचारलं. कुणीतरी तिला गप्प केलं, कारण पडद्यावर घोडागाडी आली होती.

चार घोड्यांची ती मोठी गाडी डोंगरातून उधळत येत होती. चाक निखळलं. प्रवासी उतरले, चिखलात उभे राहिले आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. "आरं, ही तर हैबतरावाची गाडी," कोंडिबा ओरडला, आणि सगळं मैदान हसलं. हैबतराव म्हणाला, "ढकलली तर ढकलली. पोचली का न्हाई?" मग नदीतल्या आगबोटी आल्या, धुराची दोन-दोन नळकांडी असलेल्या. मग एक होडी चाकांवर चढवून, दोर लावून, इंजिनाने चक्क डोंगरावर ओढताना दाखवली. पलीकडच्या अंगाला परत कालव्यात सोडायला. हे डॉक्टरांना पटलं नाही. ते म्हणाले, "तू काहीतरी घालते आहेस पदरचं."

आणि मग तो कालवा आला. ऑल्बनीहून निघून पार पश्चिमेच्या मोठ्या सरोवरापर्यंत खणलेला. त्यात लांबट होड्या, छतावर माणसं बसलेली, बायका विणकाम करतायत. वल्हं नाही, शीड नाही, धूर नाही. काठाने पायवाट, पायवाटेवर दोन खेचरं आणि खेचरांपासून होडीपर्यंत लांब दोर. खेचरं चालतायत, मागून एक माणूस शीळ घालत चालतोय आणि होडी पाण्यातून अशी सरकतेय, जशी लोण्यातून सुरी.

कोंडिबा उभा राहिला. पडद्यावर त्याची सावली पडली आणि लोक ओरडले. तो तसाच पुढे येऊन मला म्हणाला, "बाई, वारा हाय का तितं?"

"असणारच. वारा कुठे नसतो?"

"तरी बी जात्यात?"

"तरीही जातात. काठावरून ओढल्यावर वारा काय करणार?"

त्याने सिनेमाच्या गाडीवाल्याला तेवढा भाग पुन्हा दाखवायला लावला. गाडीवाल्यानेही दाखवला. कोंडिबा पडद्याच्या अगदी पुढ्यात बसून त्या दोराकडे, दोराच्या गाठीकडे आणि मागच्या माणसाकडे बघत राहिला. खेचराकडे त्याने फार बघितलं असावं असं वाटत नाही.

मुळशीत खेचर नव्हतं. घोडा पौडच्या टांग्याला होता, तो पौडपुढे यायला तयार नसे. बैल होते, पण लग्नसराईत बैल कोण देतो? कोंडिबाच्या घरी एक रेडा होता. त्याचं नाव दिवाण. चिखलणीला असा रेडा पंचक्रोशीत नाही असं म्हणत. हा दिवाण सारजाबाईंनी, म्हणजे कोंडिबाच्या बायकोने, माहेरून पारडू असताना आणलेला. त्याची जबाबदारी, त्याचं कौतुक आणि त्याच्यावरून नवऱ्याला टोमणे, हे सगळं तिच्याकडे होतं. वाडीची इतर गुरं चरायला पोहत या काठाला येत, तसा तोही येई. दिवसभर गवत खाऊन संध्याकाळी पोहत परत.

दोर कोंडिबाने जयसिंग पाटलाकडूनच आणला. डोंगरातून लाकडं ओढायचा, मनगटाएवढा. एका पहाटे त्याने दिवाणाच्या खांद्यावर जू ठेवलं, दोर बांधला, सारजाबाईला काठावर रेड्यामागे लावलं आणि स्वतः होडीत मागे वल्हं धरून बसला. होडी काठाला घासू नये म्हणून मधूनमधून बांबूने आत ढकलायची. आणि काय सांगू, होडी चालली. वडाखाली काठ पाण्यात पुढे आलाय, त्या वडाच्या टोकापर्यंत चालली. त्या टोकाकडून करंजवाडी समोर दिसते. तिथून पाणी अरुंद आहे, वल्ह्याने जाता येतं. कोंडिबा परत आला तो थेट आमच्या ओट्यावर.

"बाई, झाली अमेरिका," तो म्हणाला.

सारजाबाई मागून आल्या. पायाला चिखल, कपाळाला घाम. "सकाळच्या गारव्यात त्यो येडा नसतो," त्या म्हणाल्या. "दुपारी बगा त्येला."

"अमेरिकेत दुपारी बी चालत्यात."

"अमेरिकेत तुमची सासुरवाडी न्हाई. माजा रेडा मला ठावं."

लग्नाच्या दिवशी घोटावड्याचं वऱ्हाड एस.टी.ने धरणावर उतरलं. बरीचशी मंडळी, वाजंत्री आणि भटजी हैबतरावाच्या ट्रकात चढले. नवरदेव वाल्मीक, त्याची आजी तुळजाबाई, दोन-चार जवळचे, डॉक्टर आणि मी होडीत. तुळजाबाई म्हणजे दात गेलेले पण धार गेलेली नाही, अशी बाई. ट्रक निघताना हैबतराव वरून म्हणाला, "नवरदेव, अजून येळ हाय. हिकडं या. हितं बसायला फळी हाय."

वाल्मीकने आशेने आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "गप बस. शिवेवरनं जायाचं. तुजा आजा बी शिवेवरनं आला व्हता. येताना पडला व्हता, पन शिवेवरनंच आला."

निघालो. ऊन मी म्हणत होतं आणि समोरून वारा असा की नवरदेवाच्या मुंडावळ्या कानामागे उडत होत्या. पण होडी पुढे जात होती. काठावर दिवाण, त्याच्या मागे नऊवारीचा काचा मारलेल्या सारजाबाई, हातात शिरपुटी, तोंडाने चालू: "चल माज्या राजा, चल, ह्यांचं नाक राख." कोंडिबा मागे वल्हं धरून ताठ बसलेला. आधीच फेटा बांधल्यासारखा. मी डॉक्टरांना म्हटलं, "बघा, पदरचं काही घातलं नव्हतं."

"अजून पोचलो नाही," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना रोगीसुद्धा लवकर बरा झालेला आवडत नसे.

वडाचं टोक दिसायला लागलं तेव्हा पायवाट पाण्याला चिकटली. तिथे काठाला गुरांनी तुडवलेला एक मऊ चिखलाचा खळगा होता. दिवाण थांबला. त्याने पाण्याचा वास घेतला. सारजाबाईंनी शिरपुटी मारली. त्याने मान वळवून त्यांच्याकडे, मग होडीकडे, मग परत पाण्याकडे पाहिलं. कुठल्याही सरकारी माणसाने दुपारच्या जेवणानंतर फायलीकडे पाहावं तसं. आणि तो शांतपणे, जुवासकट, पाण्यात उतरला आणि बसला.

नुसता बसला नाही. पार नाकपुड्यांपर्यंत बसला. डोळे मिटले.

मग तुळजाबाई म्हणाल्या, "ह्येला मुहूर्त सांगितलाय का?"

कोंडिबा होडीतून उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेला. रेड्याला ढकललं, ओढलं, शिव्या दिल्या, मग हात जोडले. वाल्मीकच्या काकाने शेपूट पिरगाळली. दिवाणाने शेपूट पाण्याखाली घेतली. सारजाबाई काठावर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या.

"सारजे, उठव की त्येला," कोंडिबा ओरडला.

"मी उठवू? अमेरिकेला कळवा. अमेरिका उठवंल."

"होडी वल्हवत ने आता," डॉक्टर म्हणाले. "दोर सोड."

दोर सुटेना. होडीकडची गाठ ओढीने आवळून बसलेली, आणि जुवाकडची रेड्याच्या मानेसकट पाण्यात. कुणीतरी विळा काढला. तसा कोंडिबा आडवा आला. दोर नवरीच्या बापाचा, आणि लग्नाच्या दिवशी नवरीच्या बापाचा दोर तोडायचा? "त्यापरीस माजं बोट तोडा," तो म्हणाला. वाल्मीक म्हणाला की त्याला चालेल, दोर किंवा बोट काहीही, पण लवकर. आजीने त्याच्या पाठीत एक ठेवून दिली.

पलीकडच्या काठाने धूळ उडाली. हैबतरावाचा ट्रक. त्याला आम्ही दिसलो असणार, कारण तो थांबला आणि त्याने भोंगा वाजवला. एकदा नाही, चांगला चालीवर. वाजंत्र्यांनीही वाजवलं. मग धूळ वाडीकडे गेली.

कोंडिबा होडीच्या कडेला टेकून पाण्यात उभा राहिला. मुंडासं भिजून गळ्यात आलेलं. तेव्हाच तो माझ्यावर रागावला.

"बाई, त्ये खेचर व्हतं ह्ये तुमी सांगितलं. पन रेडा चालनार न्हाई ह्ये तुमी कुटं सांगितलं?"

मी म्हटलं, "अमेरिकेत रेडे नसतात कोंडिबा."

"मंग ह्ये आदी सांगायचं व्हतं," तो म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

सूर्य खाली जायला लागला. वारा काही पडला नव्हता. समोर, पाण्याच्या मध्यावर, भैरोबाचा कळस दिसत होता आणि त्याला टेकून उभी असलेली डोण. डोणीत नवरीचा मामा ताट घेऊन. तो दर थोड्या वेळाने हात उंच करून "काय झालं?" असं विचारत होता. कोंडिबा त्या डोणीकडे बघत होता. मामाच्या मांडीवर केशरी रंगाचं काहीतरी होतं. तो फेटा.

"गेला," कोंडिबा हळूच म्हणाला. एवढंच.

सारजाबाईंनी ते ऐकलं. त्या उठल्या, चिखलातून दिवाणाजवळ आल्या, पण त्याला हात लावला नाही. डोंगराकडे पाहिलं. सावली पाण्यावर येत होती. वरच्या अंगाला चरत असलेली वाडीची गुरं एकेक करून काठाला यायला लागली होती. पहिली म्हैस पाण्यात शिरली.

"सगळी जनं होडीत बसा," सारजाबाई म्हणाल्या. "आन गच धरा."

"का?" डॉक्टर म्हणाले.

"त्येच्या घरी जायाच्या येळंला त्यो पाटलाचं बी ऐकत न्हाई."

कोंडिबा होडीत चढतो न चढतो तोच दिवाणाने डोळे उघडले. म्हैस एकदा रेकली. दिवाण उठला. पाण्याचा अर्धा डोंगर त्याच्या पाठीवरून खाली आला. काठाकडे नाही, वडाकडे नाही, तो सरळ तळ्यात शिरला, घराच्या दिशेला. दोर ताणला गेला आणि होडीने असा हिसका घेतला की डॉक्टर तुळजाबाईंच्या मांडीत जाऊन पडले. सारजाबाईंनी पदर दातात धरला, दिवाणाची शेपूट दोन्ही हातांनी पकडली आणि त्याही पाण्यात.

मी पुढे आगगाडीतून, आगबोटीतून, विमानातूनसुद्धा प्रवास केला. पण तसला नाही. आजूबाजूला वाडीची सगळी गुरं पोहतायत, नुसती शिंगं आणि नाकं, मधे दिवाण, त्याच्या शेपटीला सारजाबाई, मग दोर, मग होडी, त्यात नवरदेव दोन्ही हातांनी कड धरून. समोरून वारा, पण दिवाणाला वाऱ्याशी काही घेणं नव्हतं. कोंडिबा मागे वल्हं धरून उभा होता आणि होडी सरळ ठेवत होता. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं, पण ते त्याने झकास केलं.

"शीव आली," तुळजाबाई ओरडल्या. "थांबवा त्येला."

कळस जवळ आला. मामा डोणीत उभा राहिला, ताट सावरत, निरांजन हाताने झाकत. "थांबा," तो म्हणाला, "थांबा, थांबा," आणि आम्ही त्याच्यासमोरून निघून गेलो. पण मामा जातिवंत माणूस. जाता जाता त्याने ताट आमच्या वेगाने डावीकडून उजवीकडे फिरवलं, आणि अक्षता मूठभरून फेकल्या. बहुतेक डॉक्टरांच्या डोळ्यात गेल्या. दोन-चार वाल्मीकला लागल्या, हे मी स्वतः पाहिलं. मग मामाने डोण वळवली आणि फेटा डोक्यावर धरून आमच्या मागे वल्हवत सुटला.

दिवाण करंजवाडीला लागला तो आपल्या गोठ्यासमोर. तिथेच तो रोज लागे. पाण्यातून वर आला, होडी चिखलात अर्धी ओढली आणि गोठ्याच्या दारात उभा राहून अंग झाडलं. नवरदेवाच्या कपड्यांवर त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. वरच्या आळीतून माणसं धावत आली. जयसिंग पाटील, भटजी, वाजंत्री आणि सगळ्यांच्या पुढे हैबतराव. गुरं गोठ्यात शिरत होती, सूर्याची कड डोंगरावर होती. भटजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि कबूल केलं, "गोरज म्हणजे हाच."

"येळंवर आला," कोंडिबा म्हणाला.

"शिवेवर थांबला न्हाई," हैबतराव म्हणाला. "थांबायला पायजे. रीत थांबायची हाय."

मामा धापा टाकत काठाला लागला. "मी ओवाळलंय," तो म्हणाला. "पळता पळता, पन ओवाळलंय. अक्षता लागल्यात."

"डाक्टरला लागल्यात."

"नवरदेवाला बी लागल्यात," तुळजाबाई म्हणाल्या. "आन जास्तीच्या डाक्टरला लागल्या तर त्येंचं बी लगीन लावा परत, बाई काय नको म्हनती का?"

बाई म्हणजे मी. मी लुगडं पिळत होते.

जयसिंग पाटलाने सगळ्यांकडे पाहिलं. शेवटी नवरीचा बाप होता, भात चुलीवर होता. तो म्हणाला, "नवरदेव शिवेवरनं आला का? आला. येळंवर आला का? आला. रीत ऱ्हायली. शीव हाय तितंच ऱ्हाईल, पान्यात. मान नावेचाच."

कोंडिबाचा चेहरा असा उजळला की मलाच लाज वाटली. पण हैबतराव इटलीला लढलेला माणूस, असा मागे हटतो थोडाच. तो म्हणाला, "नावेचा, कबूल. पन नाव आनली कुनी? फेटा आननाऱ्याला अस्तो. कोंडिबानं तर नुसतं वल्हं धरलं व्हतं. नाव रेड्यानं आनली. बांदा मंग रेड्याला."

हा टोमणा होता. पण टोमणा मारताना माणसाने आजूबाजूला वऱ्हाडातल्या बायका किती आहेत ते बघावं. त्यांना हसू आवरेना. "बांदा, बांदा," असा एकच गलका झाला. कोंडिबा "आवो, पन," म्हणेपर्यंत सारजाबाई पुढे आल्या. चिंब भिजलेल्या, केसात शेवाळ.

"बांदा की," त्या म्हणाल्या. "त्यो माज्या माहेरचा हाय."

मग पाटलालाही इलाज उरला नाही. मामाने दिवाणाच्या दोन शिंगांवर तो केशरी फेटा बांधला. चांगला, तुरा काढून. वाजंत्री वाजली. दिवाण रवंथ करत होता. कोंडिबा आपल्याच गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, आणि त्याच्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. मी बघितलं, कारण मला त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, आणि अशा वेळी माणूस हमखास बघतोच. मान राहिला होता. तो त्याच्या गोठ्यात, त्याच्या रेड्याच्या डोक्यावर, त्याच्या सासुरवाडीच्या नावाने राहिला होता.

हैबतराव ट्रककडे निघाला. जाताना म्हणाला, "मी रेड्याच्या खालच्या पंगतीला बसनार न्हाई बाबा."

"रेडा जेवायला येनार न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "त्येचा पाट रिकामा हाय."

लग्न लागलं. पहिली पंगत बसायला लागली तशी कोंडिबा गोठ्यातून बाहेर येईना. मी आणि सारजाबाई त्याला बोलवायला गेलो. तो दिवाणासमोर पेंढा टाकत होता आणि वर शिंगांकडे न बघण्याची काळजी घेत होता. सारजाबाईंनी मुकाट्याने शिंगांवरचा फेटा सोडवला. त्याला चिखल लागला होता, एक बाजू रेड्याने चाटली होती. त्यांनी तो दोनदा झटकला.

"बसा खाली," त्या म्हणाल्या.

"मला नगं. त्येचा हाय त्यो."

"त्येचा म्हंजे माजा. आन माजा म्हंजे म्या देईन त्येला. वल्हं कुनी धरलं? होडी कळसाव आपटली असती तर नवरदेव गावला असता का?" मग फेटा उलगडत, "बसा म्हनते न्हवं. भात गार हुतोय."

तो बसला. माझ्या हयातीत मी अनेक फेटे बांधताना पाहिले, पण बायकोने नवऱ्याला बांधलेला तो एकच. तिला नीट बांधता आला नाही, एका कानावर खाली आला. कोंडिबाने तो सरळ केला नाही. पंगतीत नवरदेवाच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसला आणि नेहमीसारखा सावकाश जेवला. हैबतराव पलीकडच्या रांगेत बसला होता. त्याने नाकपुड्या फुगवून वास घेतला, कोंडिबाच्या डोक्याकडे पाहिलं, पण जिलबी तोंडात असल्याने काही बोलला नाही.

दोर कोंडिबाने दुसऱ्या दिवशी पाटलाला परत केला, धुऊन, वाळवून. पुढे एस.टी. वाडीपर्यंत आली, तरी नवरदेवाला आधी धक्क्यावर उतरवून होडीत घालत आणि कळसाशी नेत. आता मुहूर्त मात्र सकाळचेच काढू लागले. भटजींना त्यात काही अडचण आली नाही. कोंडिबा त्या प्रत्येक लग्नाला तो जुनाच केशरी फेटा घालून येई. नवा बांधला तरी त्याच्यावरून. कुणी कौतुक केलं की सारजाबाई मागून म्हणत, "आमच्या माहेरचा हाय," आणि कोंडिबा मान हलवे.

माझ्याशी त्याचा अबोला पावसाळ्यापर्यंत टिकला. मग एक दिवस तो खोकल्याचं औषध न्यायला आला, बाटली घेतली, आणि दारातून परत वळून म्हणाला, "बाई, त्या कालव्यावरची खेचरं सांजच्याला घरी कशी जात व्हती?"

मला माहीत नव्हतं. सिनेमात ते दाखवलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

"मंग त्येंचा कालवा अर्धाच हाय," तो म्हणाला, आणि खोकत धक्क्याकडे गेला.